घरच्या संगणकावर कंपायलर कोणता?

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या वार्षिक अंकात कंपायलरवर लेख कशाला, असे कोणी विचारील. आमच्या वर्गातील मैत्रिणींनी तर तो प्रश्न लेख लिहून व्हायच्या आतच विचारला. ‘संगणक’ म्हटले की आपल्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. ते काम विज्ञानवाल्यांचे, आपण आपली कविता आणि अर्थशास्त्र सांभाळावे, अशी एक समजूत आपण आपल्याच हाताने घट्ट करून ठेवली आहे. पण १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमध्ये जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ‘बेसिक’ ही संगणकाची भाषा तयार केली, ती मुख्यतः गणित-विज्ञान न घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. म्हणजे आपल्यासाठीच की! तेव्हा हा विषय परका समजून पान उलटू नये, एवढी विनंती करून मुद्द्याकडे वळते.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी संगणक आला. नवा नव्हे. साताऱ्याला कचेऱ्यांमधून निघालेली यंत्रे दुरुस्त करून विकणारे एक दुकान आहे, तिथून साडेनऊ हजारांना घेतला. त्यातले तीन हजार आईने बचत गटातून उचलले, बाकीचे आबांनी. पाचगणीला शाळांचे गाव म्हणतात. त्या शाळांच्या आवारात संगणक येऊन जमाना झाला. आवाराबाहेरच्या वस्तीत तो एखाद्याच्या घरात येणे ही अजूनही बातमी असते. शेजारच्या काकू हळदकुंकू घेऊन आल्या होत्या, यात सर्व आले. आबा दुसऱ्याच्या रानात वाट्याने स्ट्रॉबेरी करतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “ह्याच्यात हिशेब बसंल का?” मी “बसेल” म्हणाले. पुढचे सगळे रामायण त्या ‘बसेल’मधून झाले.

कंपायलर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. यंत्राला शून्य आणि एक यांच्या ओळींखेरीज काही कळत नाही. आपण माणसाला वाचता येईल अशा भाषेत आज्ञा लिहायच्या आणि कोणीतरी त्यांचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करायचे. हे काम दोन तऱ्हांनी होते. आमच्या घरातले उदाहरण देते. बँकेचे किंवा सोसायटीचे इंग्रजी पत्र आले की मी चुलीपाशी बसून एकेक ओळ वाचते आणि तिचा अर्थ आईला सांगते. तेच पत्र आत्याला समजावायचे झाले तर पुन्हा पहिल्यापासून. मी घरात नसले तर पत्र फळीवर पडून राहते. हा झाला दुभाषा, म्हणजे ‘इंटरप्रिटर’. याउलट मी एकदाच बसून अख्खे पत्र मराठीत उतरवून काढले तर मी कॉलेजात असतानाही धाकटा भाऊ ते वाचून दाखवू शकतो. हा कंपायलर. भाषांतर आधी एकदाच, पुढे मूळ कागदाची आणि भाषांतरकाराची गरज नाही. आमच्या घरात आजवर कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यामुळे दुभाष्याचे काम माझ्याकडे सहावी-सातवीपासूनच आले आहे. त्यातला कंटाळाही मला ठाऊक आहे आणि एखादा शब्द चुकीचा सांगितला तर काय होते तेही.

काही मराठी पुस्तकांत कंपायलरला ‘संकलक’ म्हटलेले दिसते. पसरणीचा घाट उतरला की वाई, आणि तिथे मराठी विश्वकोशाच्या निमित्ताने नव्या विद्यांना मराठी शब्द देण्याचे काम कित्येक दशके चालले आहे. त्या गावच्या शेजाऱ्यांनी तरी असल्या शब्दांना हसू नये. मला स्वतःला ‘संकलक’ हा शब्द आधी चुकीचा वाटला होता, कारण संकलन म्हणजे गोळा करणे, भाषांतर नव्हे. पण १९५२ साली ग्रेस हॉपर या बाईंनी जो पहिला कंपायलर केला, तो खरोखरच आधी लिहून ठेवलेले आज्ञांचे तुकडे फितीवरून गोळा करून जोडण्याचे काम करीत असे. म्हणजे मराठी शब्द चुकला नाही, आमचे वाचन कमी पडले. तरीही बोलताना आपण सगळे कंपायलरच म्हणतो, म्हणून मीही तसेच लिहिते.

आता झाले काय ते. भाऊ बारावीला आहे आणि त्याने संगणकाचा विषय घेतला आहे. तो ज्या खासगी क्लासला जातो तिथून त्याने पेनड्राइव्हवर एक कंपायलर आणला. निळ्या खिडकीचा, जुन्या डॉस पद्धतीवर चालणारा टर्बो सी++. महाराष्ट्रात ज्यांनी संगणकाचा काही म्हणून क्लास केला असेल त्यांना ही निळी खिडकी ओळखीची असेल. त्याच्याच वहीवरून मी ‘सी’ भाषा शिकले. पूर्णांक ठेवायचा असेल तर ‘इंट’ लिहायचे, हे पहिल्या पानावर होते. महिनाभरात मी आबांच्या हिशेबाची आज्ञावली लिहिली. व्यापाऱ्याकडून येणाऱ्या वजनाच्या चिठ्ठ्या आबा तारेला टोचून ठेवतात. त्यावरचे किलो आणि दर भरायचे, गुणाकार करायचा, बेरीज पुढे न्यायची. एवढेच.

जानेवारीच्या शेवटी एका रात्री सगळे घर भोवती बसले असताना मी चिठ्ठ्या भरू लागले. बेरीज वाढत गेली. ३१,८७० झाले. शेवटची चिठ्ठी ४७ किलोची, दर १४० रुपये, म्हणजे ६,५८० रुपये. मी कळ दाबली आणि पडद्यावर आकडा आला: उणे २७,०८६.

आई चौथी शिकलेली आहे, पण बचत गटाचे पुस्तक तीच लिहिते. उणे चिन्ह कशाला म्हणतात ते तिला पक्के माहीत. ती म्हणाली, “म्हंजी आपणच त्याला द्यायचं व्हय गं?” मी काहीच बोलू शकले नाही. आबा उठले, खुंटीवरची तार काढली, एकेक चिठ्ठी बोटाने सरकवीत तोंडाने बेरीज केली आणि म्हणाले, “अडतीस हजार चारशे पन्नास. मशीन राहू दे.” मग ते झोपायला गेले. रागावले असते तर बरे वाटले असते.

त्या रात्री मला जे कळले नाही ते पुढे आठ दिवस कॉलेजच्या ग्रंथालयात बसून कळले. हा कंपायलर १९९० च्या आसपासच्या यंत्रांसाठी लिहिलेला आहे. त्या यंत्रांचा घास सोळा बिटांचा, म्हणून त्याच्या ‘इंट’मध्ये ३२,७६७ पर्यंतचाच आकडा मावतो. त्याच्या पुढे गेले की आकडा गर्रकन उलट्या टोकाला, उणे ३२,७६८ ला जातो आणि तिथून पुन्हा वर चढू लागतो. ३८,४५० मधून ६५,५३६ वजा करून पाहा, बरोबर आमचा उणे २७,०८६ येतो. यंत्राने चूक केली म्हणून ना शिटी वाजवली, ना लाल अक्षर दाखवले.

दोष कंपायलरचा होता काय? नियमाने पाहिले तर नाही. सी भाषेच्या प्रमाण नियमांत ‘इंट’ने निदान ३२,७६७ पर्यंत मोजावे एवढीच हमी आहे, तेवढी त्याने पाळली. मी ‘इंट’ऐवजी ‘लाँग’ लिहिले असते तर त्याच निळ्या खिडकीत हिशेब बरोबर आला असता. अज्ञान माझे. पण ते अज्ञान मला दिले कोणी, हाही प्रश्न आहे. वहीत नियम होता, मर्यादा नव्हती. आणि आपण असे एकटेच नाही याचे समाधान हवे असेल तर एक मोठे उदाहरण देते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. एक मोठा आकडा सोळा बिटांच्या पूर्णांकात कोंबण्याचा प्रयत्न झाला आणि तो मावला नाही. ती आज्ञावली आधीच्या एरियन-४ वरून उचललेली होती. तिथे आकडे लहान असत, म्हणून कधी अडले नव्हते. जुन्या यंत्राचे शहाणपण नव्या यंत्रावर तसेच्या तसे चढवले की काय होते ते मोठ्या मोठ्यांनाही असे कळले.

टर्बो घराण्याबद्दल माझ्या मनात राग नाही. १९८३ साली टर्बो पास्कल आला तेव्हा इतर कंपायलर शेकडो डॉलरला मिळत आणि तो पन्नास डॉलरच्या आत. अँडर्स हेल्सबर्ग या डॅनिश तरुणाची ती करामत. सामान्य माणसाच्या घरात कंपायलर आणण्यात त्या मालिकेचा वाटा मोठा आहे. पण आपण पाहतो काय? सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले. निळी खिडकी त्याच्या आधीची. तिच्यात शिकलेला ‘व्हॉइड मेन’ बाहेरचा कंपायलर नाकारतो किंवा नाक मुरडतो. तिच्यातली पडदा पुसण्याची आज्ञा इतरत्र बहुधा सापडतच नाही. आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर ती सरळ चालतसुद्धा नाही. तिच्यासाठी ‘डॉसबॉक्स’ नावाचे जुन्या यंत्राचे सोंग आधी उभे करावे लागते. म्हणजे नव्या यंत्राला आपण जुने यंत्र व्हायला लावतो आणि मग त्याच्यावर शिकतो!

यावर माझ्या भावाचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. तो म्हणतो, “ताई, तुझं सगळं खरं, पण आमच्या क्लासची परीक्षा निळ्या खिडकीतच होणार. मार्क कोण देणार, तू?” याला माझ्याजवळ चांगले उत्तर नाही. ज्याच्या घरात एकच संगणक आणि एकच संधी आहे त्याने तत्त्वासाठी गुण सोडावेत असे मी सांगणार नाही. फक्त एवढेच म्हणते, की परीक्षेसाठी वापरायचे यंत्र आणि घरच्या कामासाठी वापरायचे यंत्र हे वेगळे असू शकते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याला वाटत होते की सी++ म्हणजेच निळी खिडकी. तांदूळ म्हणजेच रेशनच्या दुकानातली पिशवी, असे मानण्यासारखे आहे ते.

दुसरी गोष्ट पेनड्राइव्हची. तो कंपायलर क्लासच्या कोणाकडून, त्याच्याकडे आणखी कोणाकडून आलेला. आपण मिठाई उघड्यावरची घेत नाही, कंपायलर मात्र घेतो. केन टॉम्सन या युनिक्सच्या निर्मात्याने १९८४ साली छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले, की कंपायलरमध्येच खोट असेल तर तुमची आज्ञावली कितीही निर्मळ असली तरी उपयोग नाही. खोट भाषांतरात शिरते आणि मूळ कागदावर तिचा मागमूस राहत नाही. ही नुसती कल्पना राहिली नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये चीनमध्ये उघडकीस आले की ॲपलची ‘एक्सकोड’ ही साधने अधिकृत जागेऐवजी भलत्याच ठिकाणाहून उतरवून घेणाऱ्यांच्या ॲपमध्ये त्यांच्या नकळत चोरटा मजकूर मिसळला जात होता. त्यात लक्षावधींच्या वापरातली वीचॅटसारखी ॲपही सापडली. दुभाष्यावर घर चालते हे मला माहीत आहे, म्हणूनच दुभाषा कुठल्या गावचा हे विचारून घ्यावे असे मी म्हणते.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी, आणि मराठीच्या प्राध्यापकांना ती पटावी. निळ्या खिडकीत मराठी येत नाही. आबांचा हिशेब मी ‘टोटल अमाउंट’ असा इंग्रजी अक्षरांत दाखवीत होते, आणि ज्या माणसाचा हिशेब त्यालाच तो वाचता येत नव्हता. देवनागरीला युनिकोडमध्ये जागा १९९१ सालीच, पहिल्या आवृत्तीत मिळाली; पण डॉसच्या पडद्याला त्याचा पत्ता नाही. नव्या कंपायलरवर ‘एकूण येणे’ असे सरळ लिहिता येते आणि लिनक्सच्या पडद्यावर ते तसेच उमटते. फार सुबक उमटते असे नाही. काने-मात्रे कधी सरकतात, रकाने वाकडे होतात. त्याचे कारणही गमतीचे आहे. ‘भिलार’ या नावात आपल्याला अक्षरे तीन दिसतात. युनिकोड त्यातील वेलांटी आणि काना वेगळे धरून पाच मोजते. आणि प्रत्येकाला तीन बाइट लागत असल्याने सी भाषेची लांबी मोजणारी आज्ञा पंधरा सांगते. पुस्तकांचे गाव म्हणून २०१७ पासून गाजलेले आमचे शेजारगाव यंत्राच्या लेखी पंधरा खणांचे आहे. मराठीच्या तासाला वर्ण आणि अक्षर यांतला फरक शिकताना जांभया येत होत्या. तोच फरक इथे रात्री अकरा वाजता जागे राहून सोडवावा लागला.

मी शेवटी जीसीसी घेतला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली तो प्रथम लोकांपुढे ठेवला आणि तेव्हापासून जगभरची माणसे त्यात भर घालत आली आहेत. तो फुकट आहे हे खरे, पण मुद्दा फुकटचा नाही. त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचायला खुली आहे आणि त्याची प्रत दुसऱ्याला देणे कायद्याने मोकळे आहे. त्याच्या अंतरंगाचा अभ्यास परदेशातच होतो असेही नाही; मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अभ्यासाचे केंद्र चालवले आणि त्यावर कार्यशाळा घेतल्या. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात सी आणि सी++ चे धडे मराठी आवाजात ऐकायला मिळतात. मी ते कानाला लावून शिकले. आमच्या जुन्या यंत्रावर लिनक्स बसवले, कारण ते विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हते आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षेची डागडुजी ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. जीसीसीच्या ‘इंट’मध्ये आमच्या यंत्रावर २१४ कोटींहून मोठा आकडा मावतो. एवढी स्ट्रॉबेरी सबंध महाबळेश्वर तालुक्याने मिळूनही आबांच्या नावावर घालता येणार नाही. आणि ‘डॅश वॉल’ असे सोबत लिहिले तर तो पुष्कळशा संशयास्पद जागा आधीच बोट ठेवून दाखवतो. या ‘वॉल’चा भिंतीशी संबंध नाही, सगळ्या सूचना दे असा त्याचा अर्थ. तोही सर्वज्ञ नाही. बेरीज मर्यादेबाहेर गेली तर चालू हिशेबात ओरडायला त्याला वेगळे सांगून ठेवावे लागते, नाहीतर तोही मुकाट्याने पुढे जातो. शिवाय त्याच्या सगळ्या तक्रारी इंग्रजीतून. अर्धविराम विसरले तर तो कधी कधी पुढच्याच ओळीकडे बोट दाखवतो. हे कळेपर्यंत माझे दोन दिवस गेले.

कोणी म्हणेल पायथन का नाही? तिच्यात पूर्णांकाला मर्यादाच नाही, आणि देवनागरीत नावेही देता येतात. (जीसीसीलाही २०२० च्या दहाव्या आवृत्तीपासून ती थेट देता येतात, माझ्या आज्ञावलीत आता ‘किलो’, ‘दर’ आणि ‘उचल’ आहेत.) नुसता हिशेबच करायचा असेल तर पायथन घ्यावी, मी भांडणार नाही. पण तिच्यात पुष्कळशा चुका ती ओळ गाठल्यावरच कळतात, आणि त्या जानेवारीच्या रात्रीनंतर मला चारचौघांत ओळ गाठायची हौस उरलेली नाही. मोबाइलवरच सगळे होते, असेही मैत्रिणी म्हणतात. आषाढात आपल्याकडे वीज आणि नेटवर्क एकदमच जातात हे त्या उन्हाळ्यात विसरतात. घरचे भाषांतर घरात असलेले बरे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्यालाही कौशल्याचे विषय घ्यावे लागत आहेत. त्यात प्रोग्रॅमिंग येईल तेव्हा संगणक कक्षात कोणता कंपायलर बसवायचा हे ठरेलच. ते ठरवताना ‘सगळीकडे हाच शिकवतात’ हे कारण पुरेसे धरू नये, अशी प्राध्यापक मंडळींना माझी नम्र सूचना आहे. ज्या मुलामुलींच्या घरी शंका विचारायला कोणी नाही, त्यांना कंपायलर जे सांगेल तेच खरे वाटते. मला वाटले होते.

आबांनी गेल्या आठवड्यात आपण होऊन विचारले, की त्यात उचल वजा करता येईल का. मी या वेळी ‘बघते’ म्हणाले. चिठ्ठ्या अजून तारेलाच आहेत. येत्या हंगामात तारेचा आणि यंत्राचा असे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी ठेवायचे ठरले आहे.

ज्यांना जीसीसी हवा असेल त्यांनी गुरुवारी तास संपल्यावर ग्रंथालयात पेनड्राइव्ह घेऊन यावे, मी देईन. पेनड्राइव्हवरचे घेऊ नका असे वर मीच लिहिले आहे, हे लक्षात आहे. म्हणून प्रत्येक फायलीची एक लांबलचक पडताळणीची बेरीज अधिकृत ठिकाणी छापलेली असते, तिच्याशी माझी प्रत घरी जाऊन ताडून पाहावी. जुळली नाही तर मला सांगावे.